विनोद, थट्टा, चेष्टा, टवाळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी शिकवताना, वाचनालयात पुस्तक बदलताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. आमच्याकडे घरात मराठी, बाजारात कानडी, टीव्हीवर हिंदी. हसण्याचे शब्द या तिन्ही भाषांत फिरतात आणि फिरता फिरता त्यांचे अर्थ सरकतात. कुठला शब्द कुठं वापरायचा हे मी एका गोष्टीवरून ठरवते : हसू पिकल्यावर ते कुणाच्या अंगावर पडतं? खालच्या बऱ्याच उत्तरांत हाच प्रश्न परत येईल.

‘विनोद’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

‘नुद्’ म्हणजे ढकलणं. त्याला ‘वि’ लागला की दूर ढकलणं, घालवणं. काय घालवायचं? शीण, कंटाळा, मनावरचं ओझं. म्हणून संस्कृतात विनोद म्हणजे मन रमवणं, करमणूक. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ हे सुभाषित शाळेत पाठ केलेलं असतं. त्यातली शहाणी माणसं एकमेकांना चुटके सांगत बसलेली नाहीत, ती काव्यात आणि शास्त्रात मन रमवत आहेत. ‘मनोविनोद’ या शब्दात हा जुना अर्थ अजून शाबूत आहे.

आजच्या मराठीत मात्र विनोद म्हटलं की हसू आलंच. त्यातही तीन छटा आहेत. ‘त्यांच्या लेखनात विनोद आहे’ असं म्हणतो तेव्हा तो गुण असतो. ‘एक विनोद सांगतो’ म्हणजे चुटका. ‘मी विनोद केला हो, रागावू नका’ ही कृती. पहिला वर्षानुवर्षं टिकतो, दुसरा दुसऱ्यांदा सांगितला की निम्मा होतो, आणि तिसऱ्यासाठी बऱ्याचदा माफी मागावी लागते.

इंग्रजीतल्या ‘ह्यूमर’चा आणि विनोदाचा अर्थ एकच का?

आज जवळपास एकच. पण दोघे निघाले वेगवेगळ्या गावांहून. ह्यूमर हा लॅटिन शब्द, अर्थ ओल किंवा द्रव. प्राचीन ग्रीक वैद्यकात शरीरात चार द्रव मानले होते : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. यांतला कुठला जास्त झाला त्यावर माणसाचा स्वभाव ठरतो, अशी समजूत युरोपात कित्येक शतकं होती. पुढं द्रवावरून तो शब्द स्वभावाकडे गेला, स्वभावावरून विक्षिप्त स्वभावाकडे, मग तो विक्षिप्तपणा पाहून येणाऱ्या हसण्याकडे आणि शेवटी हसवण्याच्या गुणाकडे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आयुर्वेदात वात, पित्त, कफ आहेतच, आणि ‘त्याचं पित्त खवळलं’ असं आपण रागावलेल्या माणसाबद्दल आजही म्हणतो. त्याहून मला मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की आपल्याकडे हास्याला ‘रस’ म्हटलं आहे. रस म्हणजेही द्रव. दोन शब्दांचं नातंगोतं काही नाही, पण दोन्हीकडच्या लोकांना हसणं हे आतून पाझरणारं काहीतरी वाटलं.

हास्य आणि विनोद यांत फरक काय?

विनोद हे कारण, हास्य हा परिणाम. गुदगुल्या केल्या तरी हसू येतं, मोठं संकट टळलं की येतं, ओशाळल्यावरही येतं. तिथं विनोद नसतो. उलट, उत्तम विनोद वाचून माणूस नुसता थांबतो, ओठही हलत नाहीत, आणि दोन दिवसांनी भाजी निवडताना तो आठवतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार दिले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. स्मितात दात दिसत नाहीत. अपहसितात डोळ्यांत पाणी येतं, खांदे हलतात, आणि हसण्याची वेळही चुकलेली असते. आपल्या रोजच्या मराठीतही ही शिडी आहे : गालातल्या गालात हसणं, खुदकन हसणं, खळखळून हसणं, फिदीफिदी हसणं, मुरकुंडी वळणं. ‘फिदीफिदी’ कौतुकानं कुणी म्हणत नाही, आणि ‘खळखळून’मध्ये कुणाचा अपमान नाही. आवाजाचं वर्णन करता करता भाषेनं न्यायही करून टाकला आहे.

एक सावधगिरी. भरताच्या यादीतला ‘उपहसित’ आणि आजचा ‘उपहास’ यांची गल्लत करू नका. तिथं ती हसण्याची एक तऱ्हा आहे, कुणाला हिणवणं नाही.

‘हसू’ आणि ‘हसं’ एकच ना? फक्त उच्चाराचा फरक?

अजिबात नाही. ‘मला हसू आलं’ आणि ‘माझं हसं झालं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. हसू येतं, हसं होतं. हसू आतून निघतं, हसं बाहेरून अंगावर येतं. ज्याचं हसं झालं त्याला त्या वेळी हसू येत नसतं. सहावीच्या वर्गात विनोद म्हणजे काय हे सांगायचं असेल तर मी सुरुवात इथूनच करते. व्याख्या देण्याआधी मुलं स्वतःच उदाहरणं सांगायला लागतात.

याच जोडीला ‘विनोदी’ आणि ‘हास्यास्पद’ हे शब्द घ्यावेत. ‘तुमचं भाषण विनोदी झालं’ ही शाबासकी. ‘तुमचं भाषण हास्यास्पद झालं’ म्हटलं तर तो माणूस पुन्हा बोलायचा नाही. कानडीतही हास्यास्पद याच अर्थानं चालतो, त्यामुळे इथं तरी घोटाळा होत नाही.

थट्टा, मस्करी, चेष्टा यांत नेमका फरक कसा करायचा?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि शब्दकोश उघडला तर तिन्हींपुढे एकमेकांचीच नावं सापडतात. वापरात मात्र फरक आहे.

थट्टेला नातं लागतं. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू ही थट्टेची नाती. तिथं थट्टा झाली नाही तर लोक विचारतात, काही बिनसलंय का? मस्करी हा शब्द अरबी-फारसीतून आला, मूळ ‘मस्खरा’. खुशमस्कऱ्या त्यातूनच. मस्करीला नातं लागत नाही, नुसती ओळख पुरते. चेष्टेचा प्रवास मजेचा आहे. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, हावभाव. ‘मर्कटचेष्टा’ म्हणतो तेव्हा तोच अर्थ असतो. आज मात्र ‘माझी चेष्टा करू नको’ या वाक्यात दुखावल्याचा सूर आहे. आमच्या बाजूला त्याच वाक्याचं ‘चेष्टा करालास काय?’ होतं, आणि ते मैत्रीतही चालतं, भांडणातही. सूर ऐकल्याशिवाय कळत नाही.

खानापूरकडच्या एका लग्नात मी हा फरक डोळ्यांसमोर होताना पाहिला. कानपिळीची वेळ. नवरीचा भाऊ आठ-नऊ वर्षांचा, त्याचा हात नवरदेवाच्या कानापर्यंत पोचेना. तो टाचा उंचावतोय, मागून मावश्या ओरडताहेत, ‘सोडू नको रे, घट्ट पिळ!’ शेवटी नवरदेवच गुडघ्यावर बसला आणि कान पुढं केला. सगळा मांडव हसला, पोरगाही हसला, नवरदेवाचा कान लाल झाला. ही थट्टा. तेवढ्यात वरपक्षातले एक काका मोठ्यानं म्हणाले, ‘हात एवढासा, म्हणून आहेर पण एवढासाच केलासा काय?’ दोघे-तिघे हसले. नवरीच्या आईनं मान खाली घालून पदर सारखा केला. पोराला काही कळलं नाही, पण त्यानं कान सोडला. शब्द फार वाईट नव्हते. पहिलं हसू सगळ्यांचं होतं, दुसरं एका घरावर पडलं.

उखाण्यांतली थट्टाही अशीच नात्यानं बांधलेली असते. उत्तर कर्नाटकातल्या कानडी घरांत नवऱ्याचं नाव घेण्याच्या अशा जोडओळींना ‘ओडपु’ म्हणतात. आमच्या भागातल्या लग्नात एक बाई उखाणा घेते, शेजारची ओडपु सांगते, आणि दोघींनाही सारखंच चिडवलं जातं.

कानडी माणूस ‘तमाषे’ म्हणतो ते काय?

थट्टा, गंमत. मराठी ‘तमाशा’ नव्हे.

मूळ शब्द अरबी-फारसी तमाशा, म्हणजे देखावा, हिंडून बघण्यासारखी गोष्ट. मराठीत त्याचा लोकनाट्याचा प्रकार झाला आणि दुसरीकडे ‘चारचौघांत तमाशा केला’ असा नाचक्कीचा अर्थही चिकटला. कानडीत तो साध्या गमतीचा शब्द राहिला. माझी आत्या एकदा खानापूरच्या बसमध्ये टोपलीत कोंबडी घेऊन चढली. बायकांना आधार कार्ड दाखवून शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. कंडक्टरनं तिचं तिकीट फाडलं आणि गंभीर चेहऱ्यानं टोपलीकडे बोट दाखवून विचारलं, हिचं आधार कार्ड? आत्या गडबडली. तो हसून म्हणाला, ‘तमाषे, अज्जी, तमाषे!’ आत्याला ऐकू आलं तमाशा. ‘मी काय तमाशा केले रे?’ म्हणून ती उभीच राहिली. मागच्या सीटवरच्या मुलीनं अर्थ सांगितला तेव्हा ती बसली, आणि उतरताना तिनंच कंडक्टरला सांगितलं की कोंबडीचं आधार कार्ड पुढच्या वेळी आणते.

‘गंमत’ आणि कानडी ‘गम्मत्तु’ही असेच शेजारी आहेत. तिकडे त्यात थाटामाटाची, रंगतीची छटा जास्त आहे. ‘मजा’ दोन्हीकडे चालतो. तो फारसीतला, मूळ अर्थ चव.

टिंगल, टवाळी, कुचेष्टा, खिल्ली : हे विनोदाचेच प्रकार का?

माझ्या मते नाहीत. हे हसण्याचे प्रकार आहेत, विनोदाचे नाहीत. टिंगल एकट्याची होते आणि बहुधा घोळक्याकडून. टवाळीत टिंगलीबरोबर रिकामटेकडेपणाही आहे. कुचेष्टेत दुष्ट हेतू उघड. खिल्ली ‘उडवली’ जाते, म्हणजे समोरच्याचं म्हणणं फुंकर मारून उडवून दिलं जातं, त्याला उत्तर दिलं जात नाही.

रामदासांनी ‘टवाळां आवडे विनोद’ म्हटलं आहे. म्हणजे विनोद वाईटच ना?

दासबोधातली ही ओवी विनोदाविरुद्ध साक्षीला काढली जाते तेव्हा मला वाईट वाटतं. तिथं विषय श्रवणाचा आहे, कुणाला काय ऐकायला आवडतं याचा. टवाळाला विनोद आवडतो असं म्हणणं आणि विनोद आवडणारा प्रत्येक जण टवाळ असतो असं म्हणणं, यांत फार अंतर आहे. कीर्तनाला बसलेल्यांना विचारा : पूर्वरंगात डोळे जड झाले की बुवा एक चटकदार गोष्ट सांगतात, मंडप हसून जागा होतो आणि मग निरूपण पुढं सरकतं. एकनाथांची भारुडं तर सोंगं घेऊन, हसवत हसवत परमार्थ सांगतात.

आमची बेळगावी मराठी ऐकून लोक हसतात. तो विनोद की टिंगल?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका दहावीच्या मुलानं विचारला. तो सीमेपलीकडच्या एका शहरात वक्तृत्व स्पर्धेला गेला होता. विषय वाचनाचा. आजोबांनी दिलेल्या पुस्तकाबद्दल तो मनापासून बोलत होता आणि म्हणाला, ‘मी ते पुस्तक तीन वेळा वाचलो.’ सभागृह हसलं. तो थांबला, आपण काय गमतीचं बोललो ते त्याला कळेना, मग उरलेलं भाषण घाईघाईनं संपवून खाली उतरला. परत आल्यावर बसस्टँडवर त्यानं मला विचारलं, ‘बाई, मी तर विनोद केलोच नाही. मग हसले कशाला?’

उत्तर व्याकरणापासून देते. प्रमाण मराठीत ‘मी पुस्तक वाचलं’, म्हणजे भूतकाळात क्रियापद पुस्तकाप्रमाणे बदलतं. कानडीत ‘नानु पुस्तक ओदिदे’, तिथं क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे चालतं. पिढ्यान् पिढ्या दोन्ही भाषा एका उंबऱ्यावर राहिल्यामुळे आमच्या मराठीनं ती चाल घेतली : मी वाचलो, मी भाकरी खाल्लो, तू काम केलास. ही चूक नव्हे, वळण आहे. त्याला स्वतःचा नियम आहे आणि गावच्या गावं तो बिनचूक पाळतात.

आता हसण्याबद्दल. बेळगावी बोलीतून उत्तम विनोद होतो, यात शंका नाही. पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. त्यांनी लिहिलेल्या ‘रावसाहेब’ या व्यक्तिचित्रात इथली कानडी वळणाची मराठी कानाला लख्ख ऐकू येते. वाचताना आपण पोट धरून हसतो. पण हसता हसता रावसाहेब मोठे होत जातात, आणि शेवटी त्या माणसाची ओढ लागते. बोली तिथं माणूस उभा करते. त्या सभागृहात झालं ते उलटं. मुलगा काय सांगत होता ते बाजूला पडलं आणि एका प्रत्ययावर लोक हसले. लेखकाला रावसाहेब हवे होते, सभागृहाला तो मुलगा नको होता. पहिला विनोद, दुसरी टिंगल.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की स्पर्धेत ‘वाचलं’ म्हण, कारण तिथले नियम प्रमाणभाषेचे आहेत. आजोबांशी बोलताना ‘वाचलो’च म्हण.

उपहास आणि उपरोध यांत फरक काय?

उपरोध बोलण्याच्या तऱ्हेत असतो : शब्द एक, अर्थ उलटा. दोन तास उशिरा आलेल्याला ‘या, फारच लवकर आलासा’ म्हणणं हा उपरोध. संस्कृतात उपरोध म्हणजे अडवणं. समोरच्याला तो खरोखर अडवतोच, कारण त्याला पटकन उत्तर सुचत नाही. उपहास हेतूत असतो : समोरची गोष्ट हसण्याच्याच लायकीची आहे हे दाखवून देणं.

उपहास नेहमी वाईट असं मी म्हणणार नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी (१८७१–१९३४) ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये धार्मिक आणि सामाजिक रूढींचा उपहास केला, आणि आधुनिक मराठी विनोद तिथून उभा राहिला. त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ या नावानं तीच वाट पुढं नेली. उपहास रूढीवर पडला तर लेखकाला धैर्य लागतं. दुबळ्या माणसावर पडला तर काहीच लागत नाही.

‘व्यंग’ बरोबर की ‘व्यंग्य’?

दोन्ही बरोबर, पण शब्द वेगळे. व्यंग म्हणजे उणीव, दोष, विशेषतः शरीरातला. व्यंग्य म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ. हिंदीत बोचऱ्या विनोदी लेखनाला व्यंग्य म्हणतात आणि हिंदी वाचून तो अर्थ आपल्याकडे शिरतो आहे. मराठीत ‘व्यंगचित्र’ रुळलं आहे, तसंच लिहावं. त्यातलं व्यंग समाजातलं, सत्तेतलं, वागण्यातलं असावं. एखाद्याचं लंगडणं काढून दाखवलं तर ते नुसतं व्यंग उरतं.

विडंबन आणि विटंबना?

एकाच मुळाच्या दोन फांद्या, पण आज त्यांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. विडंबन म्हणजे एखाद्या रचनेची मुद्दाम केलेली विनोदी नक्कल. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’मध्ये आपल्या काळातल्या कवींच्या लकबींची विडंबनं केली. ज्याला मूळ कविता नीट येते त्यालाच विडंबन जमतं, आणि वाचणाऱ्यालाही ती माहीत असावी लागते. विटंबना म्हणजे पूज्य गोष्टीचा घोर अपमान. आमच्या भागात हा शब्द बातमीत आला की दुकानांची शटर खाली येतात. बातमी किंवा पत्रक लिहिणाऱ्यानं या दोन शब्दांत एका अक्षराचीही चूक करू नये, ही माझी कळकळीची विनंती.

‘नर्मविनोद’ म्हणजे नरम विनोद ना?

नाही. नरम हा फारसी शब्द, मऊ. नर्म हा संस्कृत, अर्थ क्रीडा, थट्टा. राजाचा करमणुकीचा सोबती तो नर्मसचिव. वापरात मात्र ‘नर्मविनोदी’ म्हणजे न बोचणारा, हलका, असा अर्थ पक्का झाला आहे आणि तो चांगलाच आहे. फक्त ‘नरमविनोदी’ लिहू नका.

कोटी म्हणजे काय? दोन भाषांत मिळून कोटी करता येते का?

एका शब्दाचे दोन अर्थ एकाच वेळी खेळवणं म्हणजे कोटी. कवितेत तोच श्लेष, बोलताना कोटी. दोन भाषांतली कोटी ही तर आमची घरची भाकरी. कानडीत ‘ऊरु’ म्हणजे गाव. गावच्या यात्रेला पाहुण्यांनी घरं भरली, चुलीला क्षणाची उसंत नाही, आणि कुणी विचारलं, ‘कसं वाटतंय?’ की एखादी म्हातारी म्हणते, ‘काय सांगू, ऊर भरून आला!’ मराठी कानाला माया ऐकू येते, कानडी कानाला गर्दी, आणि दोन्ही खरं असतं. कानडीत ‘हालु’ म्हणजे दूध. दुधाचा टेम्पो चुकला की ‘हालूविना हाल’ ठरलेलंच.

कोटी समजावून सांगावी लागली की संपते. म्हणून पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर या कोट्या करताना हात आखडता घ्यावा लागतो. ज्याला दोन्ही भाषा येतात तोच या हसण्यात पूर्ण सामील होतो.

विदूषक आणि सोंगाड्या एकच का?

काम सारखं, घराणी वेगळी. विदूषक संस्कृत नाटकातला, राजाचा मित्र, खादाड, आणि ब्राह्मण असून प्राकृत बोलणारा. सोंगाड्या तमाशातला. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादांच्या भागात, तो हजरजबाबीपणानं मोठमोठ्यांना निरुत्तर करतो. आमच्या भागाचा या कथेत वाटा आहे. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या, म्हणजे पौराणिक कथांचे खेळ करणाऱ्या नटसंचांच्या, खेळांची प्रेरणा होती, आणि भाव्यांच्या खेळात सुरुवातीलाच सूत्रधाराशी हुज्जत घालणारा विदूषक होता. ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

पांचट, पाचकळ, बाष्कळ, चावट?

पांचट म्हणजे पाणी जास्त झालेला. पाचकळ म्हणजे अर्थहीन आणि वर लांबलेला. बाष्कळ बडबड असते. चावट विनोदाला आडपडदा लागतो, तो गेला की अश्लील.

गॅदरिंगच्या पत्रिकेत ‘हास्य कार्यक्रम’ लिहावं की ‘विनोदी कार्यक्रम’?

नकला, एकपात्री, चुटके असतील तर ‘विनोदी कार्यक्रम’. कविता असतील तर ‘हास्यकविता’ किंवा ‘वात्रटिका’. ‘हास्यास्पद कार्यक्रम’ असं छापलेली एक पत्रिका मी स्वतः दुरुस्त केली आहे, म्हणून छापखान्यात देण्याआधी कुणाला तरी वाचायला द्या. पत्रिका दोन भाषांत असेल तर कानडी बाजूला ‘नगेहब्ब’ शोभतो. नगे म्हणजे हसू, हब्ब म्हणजे सण. मराठी बाजूला त्याचं ‘हास्योत्सव’ करतात. मला विचाराल तर ‘हसण्याचा सण’ असं लिहा.